टेकवू की घुमवू?

चला, आधी वॉर्म-अपचा एक प्रश्न.

सॉफ्टबॉलचा सामना रंगलाय. बॅटरवर दोन स्ट्राइक चढलेत, तिसरा लागला की घरी. ती जीव खाऊन बॅट घुमवते. चेंडू रेषेबाहेर, फाउल. पुन्हा घुमवते, पुन्हा फाउल. असे लागोपाठ पंधरा फाउल मारले तरी बाईसाहेब जागच्या हलत नाहीत, कारण त्या आउटच नाहीत! सोळाव्या चेंडूला मात्र ती बॅट आडवी धरते आणि चेंडूला नुसती टेकवते. चेंडू चार बोटं रेषेबाहेर घरंगळतो. अंपायर म्हणतो, आउट!

तीच बॅट, तीच रेषा, तसाच फाउल. मग शिक्षा वेगळी का?

कारण या टेकवण्याला ‘बंट’ म्हणतात, आणि नियमपुस्तकाच्या लेखी बंट म्हणजे स्विंग नव्हे. बॅट न घुमवता चेंडूला मुद्दाम हलका धक्का द्यायचा आणि तो होम प्लेटच्या पुढ्यात मरून पडेल असं बघायचं, की झाला बंट. आता या एवढ्याशा फरकापायी खेळात काय काय गमतीजमती होतात ते बघा.

शिक्षेमागची चलाखी

माहीत आहे का, एकोणिसाव्या शतकातल्या बेसबॉलमध्ये फाउलला काही किंमतच नव्हती? कितीही मारा, स्ट्राइक मोजला जायचा नाही. मग काही पठ्ठे प्लेटजवळ उभे राहून चांगले चांगले चेंडू नुसते टेकवून बाहेर ढकलायचे. पिचर घामाघूम, हे निवांत!

१८९४ मध्ये नियमकर्त्यांचा संयम सुटला आणि फाउल गेलेला बंट हा स्ट्राइक ठरला. गंमत म्हणजे पूर्ण घुमवून मारलेला फाउल तेव्हाही फुकटच होता. त्यावर स्ट्राइक लागायला अमेरिकेच्या नॅशनल लीगमध्ये १९०१ उजाडलं. म्हणजे टेकवणारा सात वर्षं आधीच गुन्हेगार. सॉफ्टबॉलने हा राग मोठ्या भावाकडून जसाच्या तसा उचलला.

घुमवणाऱ्याची चैन किती, तर २२ एप्रिल २०१८ ला बेसबॉलमधल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा ब्रँडन बेल्ट एकाच खेपेत तब्बल २१ चेंडू खेळला. फाउलवर फाउल, जवळपास १३ मिनिटं. पिचर बिचारा, प्रेक्षक बेहाल! एवढं करून शेवटी झेलबाद. दोन स्ट्राइकनंतर यातला एक जरी फाउल बंटचा असता, तर सगळ्यांनाच लवकर पाणी प्यायला मिळालं असतं.

नावात सॉफ्ट, हातात दगड

पुढे जाण्याआधी क्रिकेटवाल्यांसाठी झटपट ओळखपरेड.

फास्टपिच सॉफ्टबॉलचा चेंडू १२ इंच घेराचा असतो आणि त्याचं वजन साधारण १७७ ते १९८ ग्रॅम. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम. कोण सॉफ्ट ते तुम्हीच ठरवा.

बायकांच्या सामन्यात पिचर ४३ फुटांवरून, हात खालून फिरवून चेंडू टाकते. होम प्लेटपासून फर्स्ट बेस ६० फुटांवर. क्रिकेटमध्ये एक धाव काढायला क्रीज ते क्रीज ५८ फूट पळावं लागतं, म्हणजे इथे फक्त दोन फूट जास्त. पण क्रिकेटमध्ये चेंडू टेकवून जागेवर उभं राहता येतं. इथे चेंडू मैदानात पडला की पळायलाच लागतं. राहुल द्रविडसारखं तासन्‌तास टेकवत राहायची सोय नाही, सॉरी!

आणि हे तर भन्नाटच: १८८७ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये मंडळी हार्वर्ड-येल फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट बघत बसली होती. कुणीतरी बॉक्सिंगचा जुना ग्लव्ह फेकला, कुणीतरी तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गड्याने तिथल्या तिथे त्या ग्लव्हची मोट बांधून चेंडू केला आणि जिम्नॅशियममध्येच नवा खेळ सुरू झाला. सॉफ्टबॉल हे नाव त्याला खूप नंतर, १९२६ मध्ये मिळालं. त्याआधी तो कुठे किटन बॉल होता, कुठे मश बॉल, तर कुठे डायमंड बॉल.

बॅट हलवली नाही, तरी स्ट्राइक?

आता खरा मसाला. माहीत आहे का, काही ठिकाणी नुसती बॅट धरून पुतळ्यासारखं उभं राहिलं तरी स्ट्राइक लागतो?

अमेरिकेतल्या हायस्कूल सॉफ्टबॉलचं नियमपुस्तक म्हणतं, की बंटसाठी बॅट स्ट्राइक झोनमध्ये, म्हणजे वैध चेंडू जिथून जायला हवा त्या पट्ट्यात, धरून ठेवलीत म्हणजे तुम्ही बंटचा प्रयत्न केलात. चेंडू सोडायचा असेल तर बॅट मागे घ्या, चेंडूपासून स्पष्ट लांब न्या. नाहीतर चेंडू कितीही वाकडा असो, स्ट्राइक!

आणि त्याच हायस्कूलच्या बेसबॉलमध्ये? बरोबर उलटं. बॅट नुसती धरली म्हणजे प्रयत्न झाला असं तिथे मानत नाहीत. म्हणजे एकाच शाळेत, शेजारशेजारच्या दोन मैदानांवर, दादा आणि ताई तश्शीच बॅट धरून उभे आहेत. दादाला बॉल (झोनबाहेरचा, न खेळलेला चेंडू) मिळतो, ताईला स्ट्राइक. घरी जेवताना यावरून भांडण होत नसेल तरच नवल.

क्रिकेटवाल्यांना ही भानगड ओळखीची वाटेल. ऑफ स्टंपच्या बाहेर पायाला चेंडू लागला की एलबीडब्ल्यूसाठी अंपायर हेच बघतो ना, की फलंदाजाने खरंच फटका मारायचा प्रयत्न केला की बॅट पॅडमागे लपवली? दोन्हीकडे अंपायरला खेळाडूच्या मनात शिरावं लागतं. पगार मात्र तेवढाच.

मनगटाचं मिथक

टीव्हीवर हमखास ऐकू येतं: मनगट वळलं, म्हणजे स्विंग झाला! बॅट प्लेटच्या पुढे गेली, म्हणजे स्विंग झाला!

माहीत आहे का, अमेरिकेच्या मेजर लीगच्या नियमांत अर्धवट रोखलेल्या स्विंगची अशी व्याख्याच नव्हती? मनगटाचा उल्लेख नाही, प्लेटच्या पुढच्या कडेचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या प्रश्न एकच: बॅटरने चेंडूवर बॅट चालवली का? उत्तर एकच: अंपायरला वाटलं तसं.

प्लेटमागच्या अंपायरला नीट दिसलं नसेल तर तो बेसजवळच्या साथीदाराकडे बोट दाखवून विचारतो. त्यातही एक खोच आहे. ‘बॉल’ दिला असेल तरच विचारणा होते. एकदा ‘स्विंग, स्ट्राइक’ म्हटलं की अपील बंद. बॅटरने कितीही तोंड वेंगाडलं तरी फाइल क्लोज्ड.

हात म्हणजे बॅट नव्हे!

हे वाचून क्रिकेटप्रेमींना झिणझिण्या येणार, आधीच सांगतो.

क्रिकेटमध्ये बॅट धरलेला हात किंवा ग्लव्ह बॅटचाच भाग मानतात. ग्लव्हला लागून झेल गेला की चालू पडा. सॉफ्टबॉलमध्ये मात्र हात हा शरीराचा भाग. मैदानावरचे निम्मे बाबालोक मात्र अजूनही प्रेक्षकांतून ओरडतात, हात म्हणजे बॅटच!

मग चेंडू बोटांवर आदळला तर? तुम्ही बॅट चालवली नसेल तर तुम्हाला फर्स्ट बेस बक्षीस. पण तुम्ही घुमवत असाल किंवा बंट करायला गेला असाल, तर चेंडू डेड आणि तुमच्या नावावर स्ट्राइक. बोट सुजलं ते वेगळंच. तो तिसरा स्ट्राइक असेल तर सुजलेलं बोट घेऊन बाहेर. बंट करणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण एक हात बॅटच्या जाड भागामागे असतो. म्हणून कोच पहिल्या दिवसापासून घसा फोडतात: बोटं मागे, बॅटच्या पुढे नाही!

आणखी एक. बंट केलेला चेंडू जमिनीवरून उसळून, अजून बॅटर्स बॉक्समध्येच असलेल्या तुमच्याच गुडघ्याला लागला, तर तो फाउल. बॉक्समधून बाहेर पडून पळताना लागला, तर तुम्ही आउट. एका पावलाचा फरक!

दोनदा टोला, खेळ खल्लास

क्रिकेटमधला ‘हिट द बॉल ट्वाइस’ आठवतो? सॉफ्टबॉलमध्येही त्याचा चुलतभाऊ आहे. टेकवलेल्या चेंडूला बॅट मैदानाच्या वैध भागात पुन्हा लागली, तर बॅटर आउट.

पण बॅट आधीच जमिनीवर टाकलेली असेल आणि चेंडूच घरंगळत येऊन तिला भेटला, तर काही गुन्हा नाही, खेळ चालू. थोडक्यात अंपायर विचारतो, कोण कुणाकडे गेलं? बॅट चेंडूकडे गेली तर आउट, चेंडू बॅटकडे आला तर माफ.

उंच उडालेल्या बंटला संरक्षण नाही

सॉफ्टबॉलमध्ये ‘इनफिल्ड फ्लाय’ नावाचा नियम आहे. फर्स्ट आणि सेकंड बेसवर किंवा तिन्ही बेसवर रनर, दोनपेक्षा कमी आउट आणि इनफिल्डमध्ये सोपा उंच झेल, अशी स्थिती असेल तर अंपायर बॅटरला हवेतच आउट देतो. का? नाहीतर क्षेत्ररक्षक मुद्दाम झेल सोडतील आणि बेसवर अडकलेल्या दोघींना एका झटक्यात टिपतील.

पण चेंडू बंटच्या प्रयत्नात उडाला असेल तर हा नियम लागूच होत नाही. घुमवून उडवलात तर कायदा तुमच्या रनर्सच्या पाठीशी, टेकवताना उडवलात तर तुमचं तुम्ही बघा. बंटवर नियमपुस्तकाचा जुना दात आहे तो असा!

चपटी बॅट, चपळ डोकं

माहीत आहे का, एकेकाळी बेसबॉलमध्ये एका बाजूने चपटी बॅट चालायची? १८८५ मध्ये तशी अधिकृत परवानगी मिळाली. टेकवायला याहून सोयीचं काय असणार? चपटी बाजू पुढे करा, चेंडू हवा तिथे सोडा. १८९३ मध्ये लाड बंद झाले आणि बॅट पूर्ण गोलच हवी असा फतवा निघाला. म्हणजे लागोपाठ दोन वर्षांत बंटवाल्यांना दोन तडाखे: आधी बॅट गोल, मग फाउल बंट स्ट्राइक.

बंटचा जनक म्हणून ब्रुकलिन अटलांटिक्सच्या डिकी पिअर्सचं नाव घेतात. काळ १८६० च्या दशकाचा. अंगापिंडाने बुटका माणूस. मोठे फटके मारणाऱ्यांच्या घोळक्यात त्याने छोटा फटका विकून नाव कमावलं.

बंटही नाही, स्विंगही नाही: स्लॅप!

आता सॉफ्टबॉलची खास आपली आयटम गर्ल. स्लॅप!

डावखुरी बॅटर उभी आहे. पिचरचा हात फिरतो आणि ही बॅटर चक्क पिचरच्या दिशेने पळायला लागते. पळता पळता बॅटची तोकडी चापट मारते आणि चेंडू जमिनीवर आपटून शॉर्टस्टॉपकडे टणाटण उसळत जातो. तो उचलून फेकेपर्यंत ही फर्स्ट बेसवर. चांगल्या स्लॅपर तीन सेकंदांच्या आत ६० फूट कापतात. डावखुऱ्या का? कारण डावरीचा बॉक्स फर्स्ट बेसच्या बाजूला असतो, आणि घाईच्या वेळी दोन पावलंही सोन्याची. कित्येक मुली मुळात उजव्या असतात आणि फक्त या दोन पावलांसाठी डावरी बॅटिंग शिकतात!

अमेरिकेची नताशा वॉटली ही या कलेतली सुपरस्टार. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुवर्ण, २००८ च्या बीजिंगमध्ये रौप्य.

मग स्लॅप हा बंट की स्विंग? अमेरिकेचं हायस्कूल नियमपुस्तक ठणकावून सांगतं, स्लॅप म्हणजे बंट नव्हे. म्हणून दोन स्ट्राइकनंतर स्लॅप फाउल गेला तरी बॅटर जिवंत. आता कल्पना करा. बॅटर पळतेय, बॅट अर्धी घुमली अर्धी टेकली, चेंडू फाउल. अंपायरला डोळ्याची पापणी लवायच्या आत ठरवायचंय की ती चापट होती की टिचकी. चापट असेल तर पुढचा चेंडू, टिचकी असेल तर आउट. या जागी दोन्ही कोच एकाच वेळी डगआउटमधून बाहेर येताना दिसले तर समजून जा, काय झालंय.

स्लॅपरची दुसरी पंचाईत पायांची. बॅटर्स बॉक्स असतो ३ फूट बाय ७ फूट. चेंडूला बॅट लागते त्या क्षणी एखादं पाऊल पूर्णपणे बॉक्सबाहेर जमिनीवर टेकलेलं असेल तर आउट. पाऊल हवेत असेल तर चालतं, रेषेवर असेल तरी चालतं. ट्विस्ट असा की पळून पळून बॉक्सची पुढची रेषा पायांनी पुसून गेलेली असते. मग अंपायर काय बघणार? मातीतली आठवण!

टेकवावंसं का वाटतं, तेही बघा

आठवून बघा, ४३ फूट अंतर. ताशी ७० मैलांचा चेंडू ते ०.४ सेकंदांच्या आसपास कापतो. आणि मोनिका ॲबटने २०१२ मध्ये ताशी ७७ मैलांचा, म्हणजे १२४ किलोमीटरचा चेंडू टाकून गिनीज बुकात नाव नोंदवलं, तोही खालून हात फिरवून! चेंडू वर उठल्यासारखा वाटतो, आत येतो, बुडतो. घुमवणार कधी आणि काय?

पटत नसेल तर साक्षीदार बोलावतो. साक्षीदार नंबर एक, टेड विल्यम्स. बेसबॉलच्या इतिहासातल्या महान बॅटर्सपैकी एक. कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीत १९६१ च्या एका प्रदर्शनी सामन्यात जोन जॉइस त्याला सॉफ्टबॉल टाकायला उभी राहिली. साहेब घुमवत राहिले, चेंडू कॅचरच्या हातात जात राहिला. बॅटला लागला तो जेमतेम ओझरता. शेवटी बॅट टाकून साहेब निघून गेले. या जोनबाई पुढे प्रो गोल्फर झाल्या आणि १९८२ मध्ये एका फेरीत फक्त १७ पटिंग फटके मारून तिथलाही विक्रम घेऊन आल्या. काही लोकांना देव हात देताना मोजत नाही.

साक्षीदार नंबर दोन, बेसबॉलपटू आल्बर्ट पुहोल्स. २००४ मध्ये सॉफ्टबॉल पिचर जेनी फिंचने त्यालाही स्ट्राइकआउट केलं.

आणि साक्षीदारांची आख्खी फलटण हवी असेल तर एडी फाइग्नर. या माणसाची टीम चार जणांची. पिचर, कॅचर, फर्स्ट बेस, शॉर्टस्टॉप, बस्स! तो डोळ्यांवर पट्टी बांधूनही पिच करायचा, सेकंड बेसवरूनही करायचा. १९६७ मध्ये लॉस एंजलिसच्या डॉजर स्टेडियममधल्या प्रदर्शनी सामन्यात त्याने बेसबॉलचे दिग्गज विली मेझ, विली मॅककव्ही, मॉरी विल्स, हार्मन किलब्रू, रॉबर्टो क्लेमेंटे आणि ब्रूक्स रॉबिन्सन यांना लागोपाठ गुंडाळलं. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर गावसकर, रिचर्ड्स, तेंडुलकर, लारा ओळीने क्लीन बोल्ड. या सहांपैकी एकाने तरी टेकवून बघायला हरकत नव्हती, असं आपलं माझं मत.

जिथे टेकवणं हाच गुन्हा

आता गिअर बदला. वेगवान नको, मजा हवी? मग स्लोपिच.

इथे चेंडू कमान करून येतो. अमेरिकेच्या नियमांत तो किमान ६ फूट उंच उठायलाच हवा. बिअरपोट काकांपासून ऑफिसच्या एचआर मॅडमपर्यंत सगळे खेळतात. आणि इथे बंट? नाव काढू नका! बंट केलात की थेट आउट. वरून खाली कुऱ्हाडीसारखा चेंडू जमिनीत ठोकलात तरी आउट. ऐसपैस चेंडू दिलाय ना, मग मारा की मोकळेपणी!

बरं, मारा म्हणजे किती मारा? माहीत आहे का, बऱ्याच स्लोपिच लीगमध्ये होमरनचाही कोटा असतो? कोटा संपल्यावर चेंडू कुंपणाबाहेर भिरकावलात तर टाळ्या नाहीत, सरळ आउट. म्हणजे फार हळू मारू नका, फार जोरातही मारू नका. सासूबाई खूश होतील असा वरण-भाताचा बेत!

शिकागोची तर तऱ्हाच न्यारी. तिथे १६ इंच घेराचा भलामोठा चेंडू, आणि तो पकडायचा उघड्या हातांनी. ग्लव्ह घालणं म्हणजे नामुष्की. १९७७ मध्ये तिथल्या पार्क विभागाने ग्लव्ह घालायला परवानगी दिली, तर स्तंभलेखक माइक रॉयको चक्क कोर्टात गेला. आणि खटला जिंकला! वाकडी बोटं हीच तिथल्या जुन्या खेळाडूंची ओळख.

जपान, बलिदान आणि ५३३

बंट करणारी आउट होते, पण पुढची रनर एक बेस सरकते. याला सॅक्रिफाइस म्हणतात, आणि बॅटिंगच्या सरासरीत तो मोजलाच जात नाही. खेळात त्यागाची रीतसर पावती मिळते ती इथे!

या कलेचं माहेर म्हणजे जपान. बेसबॉलमध्ये योमिउरी जायंट्सच्या मासाहिरो कावाईने कारकिर्दीत ५३३ सॅक्रिफाइस बंट केले. अमेरिकेतला विक्रम एडी कॉलिन्सचा, ५१२. आणि एका मोसमातला आकडा तर योगायोगाचा कळस: जपानच्या शिन्या मियामोतोचे २००१ मध्ये ६७, अमेरिकेच्या रे चॅपमनचे १९१७ मध्ये ६७! फक्त चॅपमनच्या काळी उंच झेलावर रनरला पळवणारे फटकेही याच खात्यात जमा व्हायचे. त्यामुळे शुद्ध तुपाचे ६७ मियामोतोचेच.

सॉफ्टबॉलमध्ये बंटला सोन्याचा भाव येतो तो टायब्रेकला. सात डावांत बरोबरी झाली आणि टायब्रेक लागला की प्रत्येक संघाला सेकंड बेसवर एक रनर फुकट मिळते. एक नीट बंट, रनर थर्डवर. मग उंच झेल गेला तरी धाव! मेजर लीग बेसबॉलने ही आयडिया २०२० मध्ये उचलली. सॉफ्टबॉलवाल्या तोवर ती अनेक ऑलिंपिक खेळून चुकल्या होत्या.

आणि अशा लांबलेल्या सामन्यांची महाराणी म्हणजे जपानची पिचर युकिको उएनो. बीजिंग २००८. २० ऑगस्टला एकाच दिवशी दोन सामने: अमेरिकेविरुद्ध ९ डाव, ऑस्ट्रेलियाविरुद्ध १२ डाव. दुसऱ्या दिवशी फायनल. दोन दिवसांत एकूण ४१३ चेंडू, एकाच उजव्या हाताने! अमेरिकेचा ऑलिंपिकमधला सलग २२ विजयांचा रथ ३-१ ने अडला. मग खेळच ऑलिंपिकमधून गायब झाला, २०२१ मध्ये टोकियोत परतला, आणि फायनलला पिचर कोण? ३९ वर्षांच्या उएनोताई. पुन्हा अमेरिका, पुन्हा सोनं.

त्याच फायनलमधला एक सीन यूट्यूबवर शोधाच. अमेरिकेच्या बॅटरचा सणसणीत फटका थर्ड बेसवरच्या यू यामामोतोच्या हातावर आदळला, तिथून उडाला आणि तो जमिनीवर पडायच्या आत शॉर्टस्टॉप माना आत्सुमीने झेलला, वर दुसऱ्या रनरलाही टिपलं. बंटच्या धास्तीने थर्ड आणि फर्स्ट बेसवाल्या बॅटरच्या अगदी पुढ्यात येऊन उभ्या असतात, आणि तिने अचानक घुमवलं की असे तोफगोळे अंगावर येतात. उगाच नाही त्यातल्या कित्येकजणी तोंडावर जाळीचा मास्क लावत.

केवढा तो स्विंग, आणि धाव शून्य

अटलांटा १९९६. सॉफ्टबॉलचं पहिलंच ऑलिंपिक. ऑस्ट्रेलियाविरुद्ध अमेरिकेच्या डॅनी टायलरने चेंडू कुंपणापार भिरकावला. होमरन! जल्लोष, टाळ्या, मिठ्या. ऑस्ट्रेलियाने शांतपणे अपील केलं: तिने होम प्लेटला पाय लावलाच नाही. अंपायरने मान डोलावली. धाव रद्द, टायलर आउट. पुढे टायब्रेकमध्ये अमेरिका तो सामना २-१ ने हरली. सोनं मात्र अखेर अमेरिकेनेच नेलं, म्हणून टायलरला हसत हसत जगता आलं असावं.

फुंकर मारली, फाउल झाला!

बंट केलेला चेंडू रेषेवरून डुलत डुलत चालला, की क्षेत्ररक्षक अचानक संत होतात. कुणी हात लावत नाही. सगळे ओणवे होऊन बघत राहतात, जातोय का बाहेर? इथे निकाल चेंडू कुठे आहे त्यावर लागतो. हात लावणारीचे पाय कुठे आहेत याला महत्त्व नाही.

१९८१ मध्ये सिॲटलच्या लेनी रँडलला बेसबॉलच्या सामन्यात हा सस्पेन्स सोसवला नाही. कॅन्सस सिटीच्या एमॉस ओटिसने मारलेला चेंडू थर्ड बेसच्या रेषेवर रांगत होता. रँडल हातापायांवर ओणवा झाला आणि त्याने चेंडूवर चक्क फुंकर मारली! चेंडू आज्ञाधारकपणे बाहेर गेला. अंपायर लॅरी मॅककॉय आधी फाउल म्हणाला, मग विचार करून फेअर. रँडलचा बचाव? आपण फुंकलं नाही, चेंडूशी बोलत होतो, त्याला बाहेर जायची विनवणी करत होतो!

२०२८ चं तिकीट काढताय? थांबा!

लॉस एंजलिस २०२८ मध्ये सॉफ्टबॉल ऑलिंपिकला परततोय. पण सामने बघायला लॉस एंजलिसला जाल तर हात हलवत परत याल. ते होणार आहेत सुमारे २ हजार किलोमीटर लांब, ओक्लाहोमा सिटीत! यजमान एकीकडे, मांडव दुसरीकडे.

आणि न घुमवणारा सम्राट

टेकवणारे झाले, घुमवणारे झाले. माहीत आहे का, यातलं काहीच न करता एक माणूस अमर झालाय?

१९ ऑगस्ट १९५१. बेसबॉलचा सेंट लुई ब्राउन्स संघ. मालक बिल वीक, पक्का शोमन. त्याने बॅटिंगला पाठवला एडी गेडेल. उंची ३ फूट ७ इंच, पाठीवर नंबर १/८. मालकाचा सक्त दम: बॅट हलवलीस तर खबरदार! एवढ्याशा माणसाचा स्ट्राइक झोन तो केवढा असणार? पिचर हसत हसत चार चेंडू टाकून मोकळा झाला, चारही बॉल. आणि चार बॉल झाले की फर्स्ट बेस फुकट. गेडेल ऐटीत फर्स्ट बेसवर चालत गेला, त्याच्या जागी दुसरा रनर आला आणि प्रेक्षकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी लीगच्या अध्यक्षांनी त्याचा करार रद्द केला.

कारकीर्द संपूर्ण: खेप एक, स्विंग शून्य, बंट शून्य, बेसवर पोहोचण्याची टक्केवारी शंभर.